आंदण दिलेलं बेट आणि वंशावळीतल्या बायका



‘पोर्तुगालच्या राजाने बहिणीच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिले.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेलं आहे. बेट कोणतं, कोणी दिलं, कोणाला दिलं, एवढं आलं की उत्तर पूर्ण. बहिणीचं नाव काय, तिचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे.

हा अंक हुंडा आणि मालमत्ता या विषयावरचा आहे. त्याच्या संपादकीयात युरोपातल्या राजेराजवाड्यांची लग्नं कशाला, असं तुमच्यातल्या काहीजणींना वाटेल. कष्टकरी बायकांचे प्रश्न कमी पडले का? पण गावोगाव हुंड्यावर बोलायला जातो तेव्हा समोरून ठरलेलं उत्तर येतं: हे सगळं अडाणीपणामुळे आहे, शिक्षण आलं, पैसा आला, की हुंडा आपोआप जाईल. आपल्यातल्याही अनेकींचा यावर अजून विश्वास आहे. म्हणून म्हटलं, ज्यांच्याकडे पैसा होता, ग्रंथालयं होती, घरी शिकवायला पंडित होते, त्या घरांत मुलींची लग्नं कशी होत होती ते एकदा बघू या. त्यातलं पहिलं उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे.

त्या बहिणीचं नाव कातारीना. इंग्रज तिला कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा म्हणतात. जन्म १६३८चा. ती दोन वर्षांची असताना पोर्तुगाल स्पेनच्या राज्यातून फुटून निघाला आणि तिचा बाप राजा झाला. स्पेन हे मानायला तयार नव्हता. युद्ध चालूच राहिलं. पोर्तुगालला जहाजं आणि शिपाई देणारा मित्र हवा होता. इकडे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० साली परागंदा अवस्थेतून गादीवर परतला तो कर्जात बुडालेला. त्याला रोकड हवी होती. स्पेनने त्यालाही निरोप पाठवला: पोर्तुगालची सोडून दुसरी कोणतीही राजकन्या कर, तिचा हुंडा आम्ही भरतो. म्हणजे एका उपवर मुलासाठी दोन बाजूंनी बोली चालली होती. पोर्तुगालने बोली वाढवली. जून १६६१मध्ये करार झाला. रोख वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या उत्तर टोकाचं तांजिअर बंदर, मुंबईचं बेट आणि पूर्वेकडच्या व्यापारात सवलती. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालचं रक्षण करायचं.

आता आपल्या भाषेत आंदण आणि हुंडा यांत फरक आहे. आंदण म्हणजे लेकीबरोबर आपखुशीने पाठवलेलं. हुंडा ठरवून, घासाघीस करून घेतलेला. इथे यादी आहे, करार आहे, हप्ते आहेत. तरी पाठ्यपुस्तकाने शब्द निवडला तो आंदण! मोठ्यांच्या घरचा हुंडा कागदावर येतानासुद्धा सोज्वळ होऊन येतो.

आणि पुढची गोष्ट तर कुठल्याही तालुक्याच्या गावी घडलेली वाटावी. वधूला न्यायला इंग्रज आरमार लिस्बनला पोचलं, तेव्हा रक्कम तयार नव्हती. जे मिळालं त्यात साखर आणि इतर माल होता, उरलेलं पुढे देऊ म्हणून कबुली होती. बाकी वर्षानुवर्षं रेंगाळली आणि वरपक्षाची कुरकुरही. इकडे मुंबईचा ताबा घ्यायला अब्राहम शिपमन शिपायांसह १६६२मध्ये आला, तर पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. इंग्रज म्हणत होते, हुंड्यात साष्टीही आहे. पोर्तुगीज म्हणत होते, फक्त मुंबईचं बेट. शिपमन आणि त्याची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत राहिली. तो आणि त्याच्या बरोबरचे बहुतेक शिपाई तिथेच मेले. शेवटी फेब्रुवारी १६६५मध्ये हम्फ्री कुक नावाच्या माणसाने ताबा घेतला. बेटावरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, आगऱ्यांना कोणी विचारलं नाही. ज्या मुलीच्या नावावर हे सगळं चाललं होतं तिलाही ते बेट कधी मिळालं नाही. हुंडा वधूच्या नावाने निघतो आणि वराच्या घरी उतरतो, हे आपण भाषणांत सांगतो. इथे तर नवऱ्याने १६६८ साली ते बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊनही टाकलं.

एक गोष्ट मात्र मला फार विलक्षण वाटते. ज्या घरात बसून मुंबईच्या ताब्याचे कागद झाले, ते घर एका बाईचं होतं. दोना इनेस द मिरांडा. ती विधवा होती, आणि मुंबई बेटाची जहागीर तिच्याकडे असल्याने तिला बेटाची मालकीण म्हणत. म्हणजे एका बाईच्या लग्नात दुसऱ्या बाईच्या अंगणातून जमीन दिली गेली! इनेसबाईकडे जमीन होती ती तिचा नवरा मेलेला होता म्हणून. युरोपच्या उमराव वर्गात बाईला थोडीफार मोकळीक मिळे ती बहुधा विधवा झाल्यावर. आपल्याकडे वैधव्य म्हणजे सगळं संपलं, त्यांच्याकडे वैधव्य म्हणजे काही जणींच्या बाबतीत सुरुवात. दोन्हीकडे बाईचं काय होणार हे ठरवणारा मात्र नवराच, आधी त्याच्या असण्याने आणि मग त्याच्या नसण्याने.

कातारीनाचं काय झालं? मे १६६२मध्ये लग्न झालं. काही आठवड्यांतच राजाने आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला राणीची खास दासी म्हणून नेमायचं ठरवलं. राणीने यादीतून तिचं नाव खोडलं. राजाने भर दरबारात बार्बराला तिच्यासमोर आणून उभं केलं. राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. राजाने तिच्याबरोबर माहेराहून आलेल्या बहुतेक बायकांना परत धाडलं. माहेर तोडणं ही काही फक्त आपल्याकडच्या सासरची युक्ती नाही. शेवटी राणीने मान तुकवली. तिचे गर्भ टिकले नाहीत. राजाला इतर बायकांपासून सुमारे डझनभर मुलं होती, त्यांना त्याने आपलं नाव आणि सरदारक्या दिल्या. राणी कॅथलिक, मूल नाही, म्हणून घटस्फोट घ्या असा सल्ला राजाला पुन्हा पुन्हा दिला गेला. १६७८मध्ये तर राजाला विष घालायचा कट केल्याचा खोटा आरोप तिच्यावर आला. राजाने तिला सोडलं नाही, एवढं त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

वंशावळींच्या इंग्रजी पुस्तकांत मूल न होता गेलेल्या माणसाच्या नावापुढे तीन अक्षरं लिहितात: डी. एस. पी. (आपल्याला वाटेल कुणी पोलीस अधिकारी!) हे एका लॅटिन वाक्याचं लघुरूप आहे, अर्थ ‘संततीविना मृत्यू’. वंशवृक्षाची ती फांदी तिथे थांबते. कातारीनाची फांदी अशीच थांबलेली आहे. बार्बराच्या मुलाचं ग्राफ्टन हे ड्यूकचं घराणं मात्र आजही चालू आहे. इतकंच नव्हे, १९८१ साली ज्या डायानाचं लग्न जगाने दूरदर्शनवर पाहिलं, तिच्या पूर्वजांत याच चार्ल्सचे अनौरस मुलगे आहेत. त्यामुळे तिचा मुलगा गादीवर आला की त्या फांदीचं रक्त पहिल्यांदाच राजवंशात येईल, असं वंशावळीचे शौकीन कौतुकाने सांगतात. त्याच डायानाच्या लग्नाआधी तिच्या मामाने भाचीचा कोणाशीही संबंध आलेला नाही अशी जाहीर ग्वाही वर्तमानपत्रांना दिली होती, याचं मात्र त्यांना काही वाटत नाही. विसाव्या शतकाचं नववं दशक होतं ते. योनिशुचितेचा दाखला, तोही मामाच्या सहीने.

वंशावळ या कागदाकडे आपण जरा नीट बघायला हवं. जर्मनीतल्या गोथा शहरातून १७६३पासून १९४४पर्यंत राजघराण्यांची एक पंचांगवजा सूची दरवर्षी निघत असे. कोण कोणाचा, कोणाशी विवाह, कोणती मुलं. तिच्यात नाव असणं म्हणजे माणूस असणं. जर्मन मुलखात काही मठांत, मानाच्या मंडळांत प्रवेश हवा तर सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या उमराव होत्या हे सिद्ध करावं लागे. आता हिशेब करा. त्या सोळांतल्या आठ बायका. म्हणजे रक्त शुद्ध आहे की नाही हे तपासताना आईकडची प्रत्येक बाई मोजायची आणि गादी, जमीन, पदवी देताना मात्र तीच बाई नाही अशी वागणूक. कित्येक घराण्यांत नियमच होता की मुलगीच काय, मुलीच्या पोटचा मुलगाही वारस नाही. १८३७ साली व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली, पण तिच्याच घराण्याची हॅनोव्हरची गादी तिला मिळाली नाही. ती काकाकडे गेली, कारण तिथला कायदा पुरुषांना आधी मोजत होता. बाईचं रक्त लागतं, नाव लागत नाही. जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मैत्रिणींना हे गणित नवं वाटायचं नाही.

त्या गणितात न बसणाऱ्या बाईचं काय होतं? ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड सोफी खोटेक हिच्या प्रेमात पडला. तीही जुन्या सरदार घराण्यातलीच, पण राजघराण्यांच्या बरोबरीची नव्हे. लग्नाला परवानगी मिळाली ती एका अटीवर: २८ जून १९०० रोजी त्याने शपथ घेतली की बायकोला त्याचा दर्जा मिळणार नाही, मुलांना गादी मिळणार नाही. दरबारी मिरवणुकीत तिने नवऱ्याबरोबर चालायचं नाही, मागून चालायचं. बरोबर चौदा वर्षांनी, २८ जून १९१४ला, साराजेव्होत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. तिथे ती त्याच्या शेजारी गाडीत बसू शकली, कारण तो लष्करी कामावर होता आणि दरबारी नियम तिथे लागू नव्हते. व्हिएन्नात दोघांच्या शवपेट्या ठेवल्या, तर तिची खालच्या पायरीवर. पहिल्या महायुद्धाचं कारण म्हणून हे नाव आपल्याला माहीत असतं. पेटी खाली ठेवली होती हे माहीत नसतं.

याच हाब्सबुर्ग घराण्याने लढायांपेक्षा लग्नांनीच राज्य मिळवलं असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जाई. मिळवलेलं घराबाहेर जाऊ नये म्हणून स्पेनच्या शाखेने पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्नं केली. चौथ्या फेलिपेने आपल्या मुलासाठी सख्खी भाची मारियाना ठरवली होती. मुलगा १६४६ साली वारला, तेव्हा त्याने स्वतःच तिच्याशी लग्न केलं. तो चव्वेचाळीस वर्षांचा, ती चौदा. २००९ साली काही स्पॅनिश संशोधकांनी या घराण्याची वंशावळ घेऊन आकडे काढले. १५२७ ते १६६१ या काळात तिथल्या राजांच्या घरी ३४ मुलं जन्मली, त्यांतली १० वर्षाच्या आत गेली आणि १७ दहा वर्षांची व्हायच्या आत. निम्मी! त्या काळच्या साध्या खेड्यातही एवढी मुलं मरत नव्हती असं त्यांचं म्हणणं. मारियानाचा मुलगा दुसरा कार्लोस जन्मभर आजारी राहिला. त्याला मूल झालं नाही, तेव्हा संशय कोणावर? पहिली बायको मारी लुईज हिच्यावर. ती १६८९मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेली. मग दुसरी आणली ती मुद्दाम भरपूर मुलं होणाऱ्या घरातली बघून. वांझ म्हणून टाकलेल्या बायकांच्या तक्रारी ज्या केंद्रांवर येतात, तिथल्या कार्यकर्त्यांनी माद्रिदच्या राजवाड्यातली ही तक्रारही आपल्या वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

इथे नेहमीचा टोमणा येईल: हे सगळं घडवणाऱ्या बायकाच ना? कातारीनाचं लग्न ठरवताना राज्यकारभार तिच्या आईच्या, लुइझाच्या हातात होता. आणि मारिया तेरेसाचं तर काय सांगावं! ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी. मुलगा नसेल तर मुलीला राज्य मिळावं म्हणून तिच्या बापाने १७१३मध्ये कायदा केला, सगळ्या युरोपकडून कबुल्या मिळवल्या, आणि तो मेल्यावर १७४०मध्ये शेजारी तुटून पडले. आठ वर्षं लढून तिने राज्य राखलं. बाई म्हणून काय सोसावं लागतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असेल? पण नेपल्सच्या राजाशी सोयरीक जोडायची म्हणून तिने आधी योहाना ही मुलगी ठरवली. ती १७६२मध्ये देवीच्या साथीत गेली. मग योसेफा. ती १७६७मध्ये, निघायच्या दिवशीच, देवीनेच गेली. मग मारिया कॅरोलिनाला पाठवलं. एका करारासाठी तीन बहिणी, एकीच्या जागी दुसरी. सोळा मुलांच्या या आईने एकाच मुलीला मनासारखा नवरा करू दिला.

‘बाईच बाईची शत्रू’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही आणि मारिया तेरेसाकडे बघूनही पटत नाही. तिच्या हातात सत्ता होती, ती घराण्याची सत्ता होती. घराणं टिकवायचं तर मुली खर्ची घालाव्या लागत. सासूने सुनेला छळलं की आपण सासूचं नाव घेतो. ज्याच्या नावाने घर चालतं त्याचं घेत नाही. तरीही तिला निर्दोष सोडावं असं माझं म्हणणं नाही. व्यवस्थेच्या खुर्चीत बसलेल्या बाईने काय केलं याचा जाब आपण मागायलाच हवा, नाहीतर उद्या आपल्यातलीच एखादी त्या खुर्चीत बसली की आपली तोंडं बंद होतील.

आणि ज्या मुलींना हुंडा देऊन उजवणं परवडत नसे त्या? इटलीतल्या व्हेनिस शहरात उमरावांच्या घरी हुंडे इतके चढले होते की एका मुलीचं लग्न करायचं आणि बाकीच्या मठात घालायच्या ही रीतच पडली. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या उमराव मुलींपैकी निम्म्याच्या आसपास मठांत होत्या. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो कितीतरी स्वस्त. त्यातल्याच एका मठात आर्कान्जेला ताराबोती (१६०४–१६५२) ही मुलगी अशीच कोंडली गेली. उमराव घरातली नव्हती, पण दुखणं तेच. तिने लेखणी उचलली आणि सरळ बापांवर रोख धरला: तुम्ही देवाच्या नावावर मुली कोंडता ते हुंडा वाचवायला. पुस्तकाला तिने दिलेल्या नावाचा अर्थच ‘बापांचा जुलूम’ असा होता. ते छापलं गेलं ती गेल्यावर, १६५४मध्ये, आणि चर्चने त्याच्यावर बंदी घातली. पितृसत्ता हा शब्द आपण परदेशातून उचलला म्हणून आपल्याला हिणवतात. त्या परदेशातही तो उच्चारणाऱ्या बाईच्या तोंडावर हात ठेवला गेला होता. जुन्या गोव्यात १६०६ साली सुरू झालेला सांता मोनिकाचा मठ आजही उभा आहे. त्यातही पोर्तुगीज घरंदाज मुली आणि विधवा राहत. कधी गेलात तर त्या जाड भिंतींकडे या नजरेनेही बघा.

आता कायदे बदललेत. स्वीडनने १९८० पासून थोरलं अपत्य, मग मुलगा असो वा मुलगी, वारस मानलं; सात महिन्यांच्या राजपुत्राचं युवराजपद थोरल्या बहिणीकडे गेलं. ब्रिटनने २०१३मध्ये तसाच कायदा केला, तो २०१५मध्ये अमलात आला. पण तो फक्त राजगादीपुरता. तिथल्या बहुतेक वंशपरंपरागत सरदारक्या आजही मुलग्यालाच मिळतात. स्पेनमध्ये बरोबर उलटं: २००६च्या कायद्याने सरदारांच्या पदव्या थोरल्या मुलीला मिळू लागल्या, पण राजगादीसाठी राज्यघटनेत अजून बहिणीआधी भाऊच आहे.

यात आपण आनंद मानायचा का? सरंजामशाहीच नको म्हणणाऱ्यांनी सरदारकीत समान हक्क मागायचा का? आपल्या अभ्यासवर्गात हा वाद झडला तर मला आवडेल. मी माझ्यापुरतं सांगते. पदवी ही जन्माने माणसाला उंच-नीच ठरवणारी गोष्ट. ती मुलीला मिळाली काय, न मिळाली काय, माझी झोप उडत नाही. जमिनीचं तसं नाही. जमीन ही जगण्याची गोष्ट आहे आणि तिथे मुलीचा वाटा मी मागणारच.

पण लेडी ऱ्हाँडाची गोष्ट वाचल्यावर मी इतक्या ठामपणे बोलू शकत नाही. मार्गारेट हेग थॉमस, वेल्समधल्या खाणमालकाची एकुलती मुलगी. मताधिकाराच्या लढ्यात टपालपेटी पेटवून १९१३मध्ये तुरुंगात गेली. १९१५मध्ये लुसिटेनिया जहाज बुडालं त्यातून वाचली. बापाने खास परवानगी मिळवल्यामुळे १९१८मध्ये त्याची सरदारकी तिला मिळाली. १९२०मध्ये तिने ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक काढलं, बायकांनी चालवलेलं. (नियतकालिक चालवणं म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगावं!) सरदार म्हणून वरिष्ठ सभागृहात बसायचा हक्क तिने मागितला. १९२२च्या मार्चमध्ये समितीने होकार दिला. मग लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेडने प्रकरण परत समितीकडे पाठवायला लावलं, समिती मोठी केली, आणि मे महिन्यात नकार आला. पदवी आहे, पण बाई म्हणून खुर्ची नाही. ती १९५८च्या जुलैत वारली. त्याच वर्षी तहहयात नेमलेल्या सदस्य म्हणून बायकांना त्या सभागृहाचं दार उघडलं. वंशपरंपरागत सरदार बायकांना ते १९६३मध्ये उघडलं. तिला मूल नव्हतं, ती पदवी तिच्याबरोबर संपली. तिच्या नावापुढेही तीच तीन अक्षरं.

कातारीनाबद्दल एक सांगायचं राहिलं. नवरा मेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला माहेरी परतली, आणि भाऊ आजारी पडला तेव्हा १७०४ आणि १७०५मध्ये तिने राज्य चालवलं, तेही स्पेनशी युद्ध चालू असताना. १७०५च्या शेवटच्या दिवशी ती गेली. मुंबई तिने कधी पाहिली नाही.

तिच्या लग्नाचा करार १६६१चा, आपला हुंडाबंदी कायदा १९६१चा. बरोबर तीनशे वर्षांचं अंतर आहे. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा. पुढच्या अंकासाठी गटांनी एक काम करावं. आपापल्या घरची वंशावळ मांडा, तीन पिढ्यांची पुरे. प्रत्येक लग्नात काय दिलं, काय घेतलं, काय बाकी राहिलं, आणि ते शेवटी कोणाच्या नावावर चढलं, हे बायकांना विचारून लिहा. आजीचं माहेरचं नाव कोणाला आठवत नसेल तर तेही तसंच लिहा. मजकूर दोन पानांहून मोठा नको, कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. पत्ता मलपृष्ठावर आहे.